प्रतिमारूपसंक्रमण

एका चित्रातील आकृती क्रमाक्रमाने बदलत जाऊन दुसऱ्या चित्रातील आकृतीचे रूप धारण करते, असा भास संगणकाच्या साहाय्याने निर्माण करण्याच्या तंत्रास प्रतिमारूपसंक्रमण असे म्हणतात. व्यवहारात त्यासाठी ‘मॉर्फिंग’ हाच शब्द रूढ झाला असून तो ‘रूप’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. एकाच प्रतिमेतील निरनिराळे भाग ताणणे, आखडणे, वाकविणे किंवा सरकविणे या क्रियेला प्रतिमाविरूपण किंवा ‘वॉर्पिंग’ म्हणतात. विरूपण ही स्वतंत्र क्रिया आहे. रूपसंक्रमणात मात्र तिच्या जोडीला रंगांचे मिश्रणही करावे लागते. एके काळी मोठ्या चित्रपटनिर्मितिसंस्थांनाच परवडणारे हे तंत्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घरगुती संगणकावर आले आणि त्यासाठी विनामूल्य आज्ञावल्याही उपलब्ध झाल्या.

पूर्वेतिहास : आकृतीवर चौकटींचे जालक आखावे आणि ते जालक वाकवून नवी आकृती मिळवावी, ही कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेक्त ड्यूरर (१४७१–१५२८) याच्या मानवी शरीराच्या प्रमाणांवरील ग्रंथात (१५२८) एकाच चेहऱ्यावरील जालकाच्या रेषा तिरप्या वा विषम अंतरांवर घेऊन वेगवेगळे चेहरे कसे मिळतात, हे दाखविले आहे. स्कॉटिश जीववैज्ञानिक डार्सी वेंटवर्थ टॉम्सन (१८६०–१९४८) यांनी ऑन ग्रोथ अँड फॉर्म (१९१७) या ग्रंथात हीच युक्ती शास्त्रीय विवेचनासाठी वापरली. काटेरी फुगामाशाच्या आकृतीवरील सरळ जालक वक्र केले असता त्याच आकृतीतून सूर्यमाशाची आकृती मिळते, हे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. आजच्या विरूपण आज्ञावलीच्या पडद्यावर दिसणारे जालक आणि टॉम्सन यांच्या आकृत्या शेजारीशेजारी ठेवल्यास दोहोंत तत्त्वतः काहीच फरक आढळत नाही.

रंगमिश्रणाची बाजू छायाचित्रणातून आली. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन (१८२२–१९११) यांनी १८७८ च्या सुमारास अनेक व्यक्तींची छायाचित्रे एकाच काचेवर अंशतः प्रकाशित करून ‘संमिश्र चेहरे’ तयार केले. गुन्हेगारांचा विशिष्ट असा चेहरा असतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. तसा चेहरा मिळाला नाही. उलट संमिश्र चेहरा मूळ चेहऱ्यांपेक्षा अधिक सौम्य व देखणा निघाला. चित्रपटात एक दृश्य विरत असताना दुसरे उमटविण्याची पद्धती आरंभापासूनच होती व भारतात दादासाहेब फाळके यांनी पौराणिक चित्रपटांतील चमत्कारदृश्यांसाठी चित्रणातील अशा युक्त्यांचा कुशलतेने उपयोग केला. मनुष्याचे पशूत वा राक्षसात रूपांतर दाखविताना नटाची रंगभूषा टप्प्याटप्प्याने वाढवीत प्रत्येक टप्प्याचे चित्रण एकमेकांत विरघळवीत. डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड (१९३१) या चित्रपटात याहून चतुर उपाय योजला होता. नटाच्या चेहऱ्यावर रंगीत रेषा काढून कॅमेऱ्यासमोरील रंगीत काच बदलली जाई. कृष्णधवल फितीवर त्या रेषा आधी अदृश्य असत व काच बदलताच उमटू लागत. या सर्व प्रकारांत नटाला अत्यंत स्थिर बसावे लागे, कारण चेहऱ्याचा आकार बदलण्याचे साधन चित्रणकाराजवळ नव्हते.

ते साधन उपग्रहचित्रांच्या निमित्ताने तयार झाले. अवकाशातून घेतलेल्या प्रतिमा पृथ्वीची वक्रता, उपग्रहाचा कल व संवेदकाचे दोष यांमुळे वेड्यावाकड्या येत. १९६० नंतरच्या दशकात, आणि विशेषतः १९७२ मध्ये लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला गेल्यावर, अशा प्रतिमा नकाशावर अचूक बसविण्यासाठी अंकीय विरूपणाच्या पद्धती विकसित करण्यात आल्या. म्हणजे आज जे तंत्र चेहरे बिघडविण्यासाठी बदनाम आहे, त्याचा जन्म बिघडलेल्या प्रतिमा सरळ करण्याच्या गरजेतून झाला.

चित्रपटातील उपयोग : न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील टॉम ब्रिगम यांनी १९८२ मध्ये संगणकचित्रणाच्या परिषदेत एका स्त्रीचे रानमांजराच्या जातीच्या लिंक्स या प्राण्यात रूपांतर होताना दाखविले. कथापटात हे तंत्र प्रथम ठळकपणे आले ते विलो (१९८८) या चित्रपटात. त्यातील एक चेटकीण शेळी, शहामृग, कासव, वाघ अशी रूपे पालटत अखेर मानवी रूपात येते. हे दृश्य इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने तयार केले होते. नोव्हेंबर १९९१ मध्ये प्रसारित झालेल्या मायकेल जॅक्सन यांच्या ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ या गीतपटाने मात्र हे तंत्र घराघरांत पोहोचविले. त्याच्या अखेरीस निरनिराळ्या वंशांचे स्त्रीपुरुष मान डोलावीत गातात आणि त्यांचे चेहरे एकातून एक उमलत जातात. हे काम पॅसिफिक डेटा इमेजेस या संस्थेचे होते. त्यासाठी वापरलेली पद्धती थॅडियस बायर व शॉन नीली यांनी १९९२ मध्ये निबंधरूपाने प्रसिद्ध केली. व्यापारी गुपित म्हणून ती दडवून ठेवली गेली नाही, ही गोष्ट पुढील काळातील विनामूल्य आज्ञावल्यांच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

कार्यपद्धती : अंकीय प्रतिमा ही असंख्य बारीक चौकोनी ठिपक्यांची म्हणजे पिक्सेलांची बनलेली असते. ६४० × ४८० पिक्सेलांच्या प्रतिमेत असे ३,०७,२०० ठिपके असतात व प्रत्येकाचे स्थान आणि रंग संख्यांनी व्यक्त केलेला असतो. दोन चेहऱ्यांच्या अशा प्रतिमा घेऊन केवळ त्यांच्या रंगांची सरासरी काढली, तर मधल्या अवस्थेत चार डोळे, दोन तोंडे व धूसर कडा असलेले चित्र मिळते. डोळ्यावर डोळा व ओठावर ओठ यावा यासाठी रंग मिसळण्यापूर्वी दोन्ही प्रतिमांचे विरूपण करावे लागते. म्हणून रूपसंक्रमणात तीन पायऱ्या येतात : दोन प्रतिमांतील एकमेकांशी जुळणारे बिंदू ठरविणे, त्या बिंदूंच्या आधारे दोन्ही प्रतिमा मधल्या आकारापर्यंत विरूपित करणे, आणि विरूपित प्रतिमांचे रंग मिसळणे.

उदाहरणार्थ, पहिल्या प्रतिमेत डाव्या डोळ्याची बाहुली (१२०, १५०) या सहनिर्देशकांवर व दुसऱ्या प्रतिमेत ती (१४०, १३०) येथे आहे असे मानू. संक्रमण एकचतुर्थांश पूर्ण झाले असता बाहुलीचे स्थान पहिल्या स्थानापासून दुसऱ्याच्या दिशेने एकचतुर्थांश अंतरावर, म्हणजे (१२५, १४५) येथे येईल. पहिली प्रतिमा अशी वाकवावयाची की तिच्यातील बाहुली या जागी सरकेल. दुसरीही अशी वाकवावयाची की तिचीही बाहुली याच जागी येईल. त्यानंतर पहिल्या प्रतिमेतील त्या ठिकाणच्या पिक्सेलाची तेजस्विता २०० व दुसऱ्यातील १०० असेल, तर पहिलीचे तीन भाग व दुसरीचा एक भाग घेऊन १७५ ही तेजस्विता मिळते. संक्रमण अर्धे झाल्यावर स्थान (१३०, १४०) व तेजस्विता १५० होईल. सेकंदाला २५ चौकटी या वेगाने तीन सेकंदांचे दृश्य हवे असल्यास हे गणित ७५ चौकटींसाठी, प्रत्येक पिक्सेलाकरिता, स्वतंत्रपणे करावे लागते.

विरूपणात आणखी एक अडचण येते. मूळ प्रतिमेतील एकेक पिक्सेल उचलून नव्या जागी नेऊन ठेवला, तर ताणलेल्या भागात भोके पडतात. १०० पिक्सेल रुंदीची पट्टी २०० पिक्सेलांपर्यंत ताणली असता निम्मे स्तंभ रिकामेच राहतील, हे उघड आहे. म्हणून गणना उलट्या दिशेने केली जाते. नव्या प्रतिमेतील प्रत्येक ठिकाणी उभे राहून ‘येथील रंग मूळ प्रतिमेत कोठून यावयास हवा’ असे विचारले जाते. उत्तरादाखल मिळणारे स्थान बहुधा दोन पिक्सेलांच्या मध्ये पडते; अशा वेळी भोवतालच्या चार किंवा सोळा पिक्सेलांवरून अंतर्वेशनाने रंग काढतात.

जुळणारे बिंदू कसे सांगावयाचे, यावरून पद्धतींचे भेद पडतात. जालक-पद्धतीत दोन्ही प्रतिमांवर सारख्याच संख्येच्या आडव्या-उभ्या रेषांचे जाळे टाकून त्याच्या गाठी डोळे, नाक, हनुवटी इत्यादींवर ओढून आणतात. गाठींमधील रेषा लवचिक वक्रांच्या असल्यामुळे परिणाम गुळगुळीत येतो. पण जेथे काही दाखवावयाचे नाही, तेथील गाठीही सांभाळाव्या लागतात. त्रिकोणन-पद्धतीत फक्त महत्त्वाचे बिंदू देतात व आज्ञावली त्यांना जोडून त्रिकोण पाडते. प्रत्येक त्रिकोण स्वतंत्रपणे ताणला जातो. ही पद्धती सर्वांत जलद असली, तरी त्रिकोणांच्या कडांवर सरळ रेषा मोडल्यासारख्या दिसण्याचा संभव असतो. बायर व नीली यांच्या पद्धतीत बिंदूंऐवजी रेषाखंडांच्या जोड्या देतात. एक रेषा भुवईवरून, एक नाकावरून, एक जबड्यावरून अशा रेषा काढल्या की प्रत्येक रेषा भोवतालच्या पिक्सेलांना आपल्याबरोबर ओढते आणि अंतर वाढेल तसा तिचा प्रभाव कमी होतो. चित्रकाराच्या हाताला ही पद्धती सर्वांत नैसर्गिक वाटते. मात्र प्रत्येक पिक्सेलावर सर्व रेषांचा परिणाम मोजावा लागत असल्याने ती संथ आहे, आणि कधीकधी एखाद्या रेषेचा प्रभाव अनपेक्षित ठिकाणी उमटून कानाचा तुकडा गालावर दिसू लागतो. याशिवाय पातळ पत्रा वाकविण्याच्या गणितावर आधारलेली पद्धतीही आहे. जीवांच्या आकारांतील फरक मोजण्यासाठी अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेड बुकस्टाइन यांनी तिचा १९८९ मध्ये पुरस्कार केला.

कोणतीही पद्धती घेतली, तरी बिंदू एकमेकांना ओलांडून गेले की प्रतिमेची घडी पडते व तो भाग फाटल्यासारखा दिसतो. यंत्राला डोळा म्हणजे काय हे ठाऊक नसते. ते केवळ दिलेले बिंदू पाळते. त्यामुळे कामाचा खरा कस बिंदू ठरविण्यातच लागतो. दोन्ही चेहरे एकाच कोनातून, शक्यतो सारख्याच प्रकाशात घेतलेले असावेत. एकाचे तोंड मिटलेले व दुसऱ्याचे दात दिसणारे असल्यास दात कोठून यावेत, याचे समाधानकारक उत्तर गणितात नाही. मोकळे केस, चष्म्याच्या काड्या व पार्श्वभूमी हीही कायमची दुखणी होत. पार्श्वभूमी वेगळी कापून काढून तिचे मिश्रण निराळे करणे, हा त्यावरचा नेहमीचा उपाय आहे. सर्व चेहरा एकाच गतीने बदलू दिला, तर दृश्य यांत्रिक वाटते. अनुभवी चित्रणकार कपाळ आधी, डोळे मागाहून असा वेगवेगळ्या भागांचा वेग निराळा ठेवतात.

विनामूल्य आज्ञावल्या : १९९२ च्या सुमारास अमिगा व मॅकिंटॉश या संगणकांसाठी रूपसंक्रमणाच्या विक्रीच्या आज्ञावल्या निघाल्या. ग्रिफन संस्थेची ‘मॉर्फ’ ही त्यांपैकी एक होय. लवकरच छंद म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्यांनी आपापल्या कृती फुकट वाटण्यास आरंभ केला. त्यांचा विचार करताना ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. मोफत आज्ञावलीचे मोल द्यावे लागत नाही, परंतु तिची मूळ संकेतावली कर्त्याजवळच राहते. मुक्त आज्ञावलीची संकेतावली कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वाटता येते.

मुक्त वर्गातील जुने उदाहरण म्हणजे मायकेल गूर्ले यांची ‘एक्समॉर्फ’ ही आज्ञावली. ती जालक-पद्धतीवर आधारलेली असून युनिक्स व लिनक्स या प्रणालींवर चालत असे आणि जीपीएल या परवान्याखाली वितरित झाली. लिनक्सच्या डेबियन या संचातही तिचा समावेश होता. विंडोज प्रणालीसाठी ‘विनमॉर्फ’ व ‘स्क्वर्ल्झ मॉर्फ’ या मोफत आज्ञावल्या विशेष लोकप्रिय झाल्या. विनमॉर्फमध्ये दोन प्रतिमांवर वक्रांच्या जोड्या काढून रूपसंक्रमण करता येई, तसेच एकाच प्रतिमेचे विरूपण करून स्थिर छायाचित्राला हसविता वा डोळे मिचकावावयास लावता येई. स्थिर चित्रांप्रमाणे चलच्चित्रांवरही ती चाले व चित्रफीत-संपादनाच्या आज्ञावल्यांना जोडता येई. स्क्वर्ल्झ मॉर्फमध्ये बिंदू टाकण्याची सोपी पद्धती असून दोनाहून अधिक प्रतिमांचे एकत्र मिश्रण करण्याची सोय होती. तयार दृश्य चित्रफीत, सुट्या चौकटी, जीआयएफ किंवा फ्लॅश या स्वरूपांत साठविता येई. यांपैकी जीआयएफ स्वरूपात एका चौकटीत २५६ च रंग मावत असल्याने त्वचेच्या छटा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, आणि फ्लॅशचा आधार तर ३१ डिसेंबर २०२० नंतर काढून घेण्यात आला. त्या स्वरूपात साठविलेली दृश्ये आज विशेष साधनांवाचून पाहता येत नाहीत. कर्त्याने हात आखडता घेतला की केवळ मोफत असलेली आज्ञावली नव्या संगणकांवर अडू लागते, हा अनुभवही या क्षेत्रात वारंवार आला आहे. मुक्त आज्ञावलीच्या बाबतीत निदान तिची दुरुस्ती दुसऱ्या कोणास करता येते.

प्रतिमासंपादनाच्या ‘गिंप’ या मुक्त आज्ञावलीत विरूपणाची साधने पूर्वीपासून आहेत. २०१२ मधील २.८ या आवृत्तीत पिंजरा-विरूपण व २०१८ मधील २.१० या आवृत्तीत कुंचल्याप्रमाणे फिरवून प्रतिमा ढकलण्याचे साधन आले. तिला जोडावयाच्या चलच्चित्रण संचात रूपसंक्रमणाची सोय होती. ‘इमेजमॅजिक’ या आज्ञा टंकून चालवावयाच्या संचातही ‘मॉर्फ’ नावाची आज्ञा आहे. पण ती केवळ आकारमान व रंग यांचे मिश्रण करते, बिंदू जुळवीत नाही. नावावरून अपेक्षा धरणाऱ्याची येथे फसगत होते. संगणकदृष्टीसाठी असलेल्या ‘ओपनसीव्ही’ व ‘डीलिब’ या मुक्त संचांमुळे चेहऱ्यावरील ६८ खुणा आपोआप ओळखता येऊ लागल्या आणि पूर्वी तासन्‌तास चालणारे बिंदू टाकण्याचे काम क्षणांवर आले.

इतर उपयोग : जुने भूमापन नकाशे वा हवाई छायाचित्रे आजच्या नकाशावर बसविण्यासाठी ‘क्यूजीआयएस’ या मुक्त आज्ञावलीत विरूपणाच्या याच पद्धती योजल्या जातात. वैद्यकात निरनिराळ्या वेळी घेतलेल्या मेंदूच्या प्रतिमा एकमेकींवर जुळविण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. अमेरिकन कलावती नॅन्सी बर्सन यांनी १९८० च्या सुमारास सहकाऱ्यांसह चेहऱ्याचे वय वाढवून दाखविण्याची पद्धती तयार केली व पुढे ती हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी उपयोगी पडली. अनेक वर्षे बेपत्ता असलेले मूल आज कसे दिसत असेल, याचा अंदाज आईवडिलांच्या व भावंडांच्या छायाचित्रांच्या आधाराने करतात. मानसशास्त्रात १९९० मध्ये जुडिथ लँग्लॉइस व लोरी रॉगमन यांनी चेहऱ्यांची सरासरी काढून गॉल्टन यांचे निरीक्षण नव्याने तपासले. मिश्रणामुळे त्वचेवरील डाग पुसले जातात, त्यामुळेच चेहरा देखणा वाटतो, हा त्यावरील आक्षेप आकार व रंग वेगवेगळे हाताळणाऱ्या विरूपण-तंत्रामुळेच पडताळता आला.

‘मॉर्फ’ या शब्दाचा भारतातील अर्थ : मराठी वृत्तपत्रांत व पोलीस तक्रारींत ‘मॉर्फ केलेले छायाचित्र’ हा शब्दप्रयोग नेहमी आढळतो. तो बहुधा एका व्यक्तीचा, विशेषतः स्त्रीचा, चेहरा दुसऱ्या देहावर चिकटवून केलेल्या अश्लील चित्राविषयी असतो. शास्त्रीय दृष्ट्या हे रूपसंक्रमण नव्हे, जोडचित्र होय. त्यात बिंदूंची जुळणी नसते व मधल्या अवस्थाही नसतात. अलीकडे अशी चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी तयार केली जातात. असंख्य छायाचित्रांवरून शिकलेल्या या साधनांना नियंत्रणबिंदूंची गरजच नसते. त्यांतून निघणाऱ्या बनावट चित्रफितींना २०१७ पासून ‘डीपफेक’ हे नाव पडले आहे. तंत्र कोणतेही असो, जिच्या चेहऱ्याचा वापर होतो तिला होणारा उपद्रव तोच असतो, आणि कायदाही तंत्राच्या नावाकडे न पाहता कृत्याकडे पाहतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ६७ अन्वये अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून पहिल्या अपराधासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या अधिनियमाखालील २०२१ च्या नियमांत ‘कृत्रिम रीत्या मॉर्फ केलेल्या प्रतिमा’ यांचा नावानिशी उल्लेख आहे. संबंधित व्यक्तीने तक्रार केल्यास त्या काढून टाकण्यासाठी माध्यमसंस्थांना त्या वेळी २४ तासांची मुदत देण्यात आली होती. तक्रार करणाऱ्या व्यक्तीने मूळ छायाचित्र, ते घेतल्याची तारीख आणि बनावट चित्र जेथे दिसले तेथील पत्ता जपून ठेवल्यास तपासास मोठे साहाय्य होते. लाजेपोटी सर्व पुसून टाकण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असली, तरी तिचा लाभ गुन्हेगारालाच मिळतो.

ओळखपत्रे व रूपसंक्रमण : खऱ्या अर्थाने रूपसंक्रमणाचा धोका पारपत्रांच्या बाबतीत संभवतो. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाचे माट्टेओ फेर्रारा, आन्नालिसा फ्रांको व दाव्हिदे माल्तोनी यांनी २०१४ मध्ये दोन व्यक्तींच्या चेहऱ्यांचे मधल्या अवस्थेतील मिश्रण तयार केले. त्यासाठी त्यांनी गिंप व तिचा चलच्चित्रण संच, म्हणजे कोणालाही फुकट मिळणारी साधनेच वापरली. असे एक छायाचित्र चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांना दोन्ही व्यक्तींशी जुळणारे वाटले. याचा अर्थ असा की, निष्कलंक व्यक्तीने मिश्र छायाचित्र देऊन खरे पारपत्र मिळविल्यास त्यावर दुसरीच व्यक्ती प्रवास करू शकेल. पारपत्र बनावट नसल्यामुळे त्याची तपासणी निष्फळ ठरते. २०१८ मध्ये जर्मनीतील एका कलावंत-गटाने आपल्यापैकी एकीच्या चेहऱ्यात युरोपीय संघाच्या तत्कालीन परराष्ट्र धोरण प्रमुख फेदेरिका मोगेरिनी यांचा चेहरा मिसळून प्रत्यक्ष पारपत्र मिळविले व ही शक्यता जाहीरपणे दाखवून दिली.

तपासनीसाच्या डोळ्यालाही असे मिश्रण सहसा ओळखता येत नाही. मात्र असे प्रकार होतात याची पूर्वकल्पना दिल्यास चुका बऱ्याच कमी होतात, असे २०१७ मधील इंग्लंडमधील प्रयोगांत आढळले. शोधाच्या यांत्रिक पद्धती दोन प्रकारच्या आहेत. एकीत केवळ दिलेल्या छायाचित्रातील खुणा, उदा., बुबुळांभोवतालची धूसर कड, केसांच्या टोकांशी उमटलेली दुहेरी छाया, त्वचेच्या पोताचा अभाव, शोधल्या जातात. छायाचित्र कागदावर छापून पुन्हा संगणकात घेतले की यांतील बऱ्याच खुणा नाहीशा होतात. दुसरीत प्रवाशाचे जागेवर घेतलेले छायाचित्र पारपत्रावरील छायाचित्राशी ताडून पाहतात. अर्जदाराकडून छायाचित्र स्वीकारण्याऐवजी ते अधिकाऱ्यासमोरच घेणे, हा सर्वांत साधा उपाय होय. भारतात पारपत्र सेवा केंद्रांत लहान बालके वगळता अर्जदारांचे छायाचित्र खिडकीवरच घेतले जाते. जर्मनीत १ मे २०२५ पासून कागदी छायाचित्र स्वीकारणे बंद झाले असून ते कार्यालयातच घ्यावे लागते किंवा मान्यताप्राप्त छायाचित्रकाराने सुरक्षित मार्गाने थेट कार्यालयाकडे पाठवावे लागते.